राजा, सनद आणि विणकर : मध्ययुगीन फ्लँडर्सची कहाणी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला ‘मध्ययुगीन युरोपातील राजे, शहरे आणि सत्तेची वाढ’ असा विषय दिला आहे. एवढ्या विषयावर तासाभरात बोलायचे म्हणजे समुद्र घागरीत भरण्यासारखे आहे. शाळेत आम्ही तो ज्या पद्धतीने शिकलो ती तुम्हालाही ठाऊक असेल. अमुक राजा गादीवर आला, तमुक राजा लढाईत पडला, सनावळी पाठ करा आणि गुण मिळवा. कापड कोणी विणले, कर कोणी भरला, राजाच्या दारात उभे राहून ‘तुम्ही शब्द मोडलात’ असे कोणी म्हटले, हे त्या पुस्तकांत नसायचे. म्हणून आम्ही असे ठरवले की एकच मुलूख घ्यावा आणि तिथे सत्ता कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली ते जवळून पाहावे. तो मुलूख म्हणजे फ्लँडर्स.

आजच्या बेल्जियमचा पश्चिम भाग, फ्रान्सच्या उत्तरेचा काही भाग आणि नेदरलँड्सचा एक कोपरा मिळून हा प्रांत होत असे. त्याच्या राज्यकर्त्याला काउंट म्हणत. तो नावाने फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, पण आपल्या मुलखात जवळजवळ राजाच. जमीन सखल, दलदलीची, समुद्र शेजारी. समुद्रापलीकडून, म्हणजे इंग्लंडातून, लोकर यायची आणि फ्लँडर्सच्या शहरांत तिचे कापड व्हायचे. ते कापड इटलीपर्यंत जायचे. या कापडावर ब्रूज, गेन्ट, ईप्र, लील, दुए ही शहरे उभी राहिली. चौदाव्या शतकात गेन्टची वस्ती साठ हजारांच्या आसपास होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला पॅरिस वगळले तर एवढे मोठे शहर त्या काळी क्वचितच सापडेल.

आता आपण ११२७ सालात जाऊ. फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स हा डेन्मार्कच्या राजाचा मुलगा. लोक त्याला ‘भला चार्ल्स’ म्हणून ओळखू लागले. ११२४-२५ च्या दुष्काळात त्याने धान्याची बिअर बनवायला बंदी केली आणि लवकर हाती येणारी पिके, म्हणजे वाटाणा आणि घेवडा, पेरण्याचे हुकूम काढले. असा हा माणूस. त्याच्या दरबारात बेर्टुल्फ नावाचा एक धर्माधिकारी होता. ब्रूजच्या सेंट डोनेशियन चर्चचा तो प्रमुख आणि काउंटच्या कारभाराचाही मुख्य. त्याचा भाऊ ब्रूजच्या किल्ल्याचा किल्लेदार. पैसा, मान, जमिनी सर्व काही होते. पुतण्या-भाच्यांची लग्ने सरदार घराण्यांत झाली होती. पण एके दिवशी काउंटसमोर दोन सरदारांचा तंटा उभा राहिला. एकाने दुसऱ्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. दुसऱ्याने उत्तर दिले की मी जन्माने स्वतंत्र आहे, पण या माणसाने बेर्टुल्फच्या भाचीशी लग्न केले आहे. ते घराणे मुळात भूदासांचे. भूदास स्त्रीशी लग्न करून जो वर्षभर राहील तो स्वतःही भूदास होतो असा कायदा आहे. तेव्हा हा माझ्या बरोबरीचा नाही आणि मी त्याच्याशी लढणार नाही.

मित्रहो, माणसाचा जन्म विचारणारा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्याची धार कशी असते तेही आपण जाणतो. काउंटाने चौकशी सुरू केली. पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवलेल्या घराण्याला ‘तुम्ही कोणाचे गुलाम होतात ते सांगा’ असे विचारले गेले. २ मार्च ११२७ च्या सकाळी चार्ल्स चर्चमध्ये प्रार्थना करत असताना बेर्टुल्फच्या पुतण्याने आणि साथीदारांनी त्याची तलवारीने हत्या केली.

हे सगळे आपल्याला इतक्या बारकाईने कळते ते एका कारकुनामुळे. गाल्बर्ट हे त्याचे नाव. तो ब्रूजमध्ये काउंटच्या पदरी लेखनिक होता. शहराला वेढा पडलेला, आग लागलेली, रस्त्यांत मारामारी चाललेली, आणि हा गृहस्थ मेणाच्या पाट्यांवर दिवसभराच्या घडामोडींची टिपणे काढून ठेवत होता, मग निवांत क्षणी ती नीट उतरवून घेत होता. आमच्या विद्यार्थी मित्रांना आम्ही मुद्दाम सांगतो की इतिहास नेहमी दरबारी पंडितच लिहितो असे नाही. हिशेबाची वही सांभाळणारा माणूसही तो लिहून जातो, आणि बरेचदा अधिक खरा लिहितो.

मारेकऱ्यांची गत वाईट झाली. बेर्टुल्फला ईप्रच्या बाजारात हाल करून फाशी दिले. उरलेल्यांना मे महिन्यात ब्रूजच्या किल्ल्यातील मनोऱ्यावरून एकेक करून खाली ढकलले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. चार्ल्सला मूलबाळ नव्हते. गादी रिकामी. फ्रान्सचा राजा सहावा लुई धावून आला आणि त्याने विल्यम क्लिटो या नॉर्मन राजपुत्राला काउंट म्हणून पुढे केले. नव्या काउंटला लोकांची मान्यता हवी होती, आणि लोक म्हणजे आता केवळ सरदार नव्हते. शहरेही होती. शहरांनी मान्यतेची किंमत मागितली. १४ एप्रिल ११२७ रोजी विल्यमने सेंटोमेर शहराला सनद दिली. शहरवासीयांनी आपसात शपथ घेऊन बांधलेला संघ त्यात मान्य केला, शहराच्या न्यायपंचांचा अधिकार मान्य केला, जकातीत सवलती दिल्या. ब्रूजलाही जकात आणि घरजमिनीचे भाडे माफ करण्याचे वचन मिळाले. एरवी जे शेकडो वर्षांत मिळाले नसते ते गादी डळमळली तेव्हा काही आठवड्यांत मिळाले.

वचन देणे सोपे असते. विल्यमला पैसा हवा होता आणि जकात ज्यांना जहागिरीत मिळालेली होती ते सरदार ओरडू लागले. त्याने वचने मोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लीलच्या जत्रेत त्याने आपल्या एका पळालेल्या भूदासाला पकडायचा प्रयत्न केला. शहरवाले हत्यारे घेऊन धावले आणि त्यांनी काउंटच्या माणसांना शहराबाहेर पिटाळले. विल्यमने वेढा घालून शहराकडून जबर दंड वसूल केला.

या ठिकाणी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. बेर्टुल्फच्या भाचीच्या प्रकरणातला कायदा आठवा. भूदासाशी नाते जोडून एक वर्ष गेले की स्वतंत्र माणूस भूदास होतो. आणि त्याच शतकात युरोपातील अनेक शहरांच्या सनदांत नेमके उलटे कलम येऊ लागले. भूदास शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला, त्या मुदतीत धन्याने त्याच्यावर हक्क सांगितला नाही, की तो स्वतंत्र. फ्रान्समधील लोरिस या गावाला सातव्या लुईने ११५५ मध्ये जे हक्क कायम करून दिले त्यांत हे कलम आहे. मुदत जवळपास तीच, पण एका कायद्यात माणूस खाली ढकलला जातो आणि दुसऱ्यात तो वर येतो. शेताच्या मालकाला माणूस बांधून हवा होता, बाजाराच्या शहराला हात मोकळे हवे होते. राजे लोकांना ही कलमे देत ती दयेपोटी नव्हे. शहर भरले की कर वाढतो, आणि शेजारच्या सरदाराची माणसे आपल्या गावात आली की त्या सरदाराचे बळ घटते, हा साधा हिशेब त्यामागे होता. हेतू काहीही असो, पळून आलेल्या माणसाच्या पायातली बेडी सुटत होती, एवढे खरे.

आता पुन्हा गेन्टला येऊ. फेब्रुवारी ११२८ मध्ये गेन्टच्या लोकांनी विल्यमला शहरात बोलावून घेतले आणि त्यांच्या वतीने ईव्हान नावाचा सरदार बोलला. त्याच्या बोलण्याचा आशय गाल्बर्टने नोंदवला आहे. तुम्ही शपथ घेऊन दिलेले हक्क मोडलेत. सरदार, धर्मगुरू आणि शहरातील जाणती माणसे यांची सभा भरवू या. तुम्ही न्यायाने वागलात असे तिला वाटले तर राज्य तुमचे. नसेल तर गादी सोडा आणि आम्हाला योग्य माणूस शोधू द्या. ही ११२८ ची गोष्ट आहे. इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा घेतला तो १२१५ मध्ये, म्हणजे त्यानंतर सत्याऐंशी वर्षांनी! विल्यम एवढा संतापला की त्याने ईव्हानला द्वंद्वाचेच आव्हान दिले. ईव्हानही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. विल्यमचा काका आणि वैरी असलेला इंग्लंडचा राजा पहिला हेन्री या बंडाच्या पाठीशी होता. पण शहरांनी दुसरा काउंट निवडला, थिएरी. फ्रान्सच्या राजाने जाब विचारला तेव्हा ब्रूजच्या लोकांनी त्याला कळवले की फ्लँडर्सचा काउंट निवडण्याशी तुमचा संबंध नाही. जुलै ११२८ मध्ये विल्यम लढाईतल्या जखमेने मेला आणि थिएरीने पुढे चाळीस वर्षे राज्य केले.

इथे गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. राजाला नमवणारी शहरे आणि स्वातंत्र्य देणारी त्यांची हवा! पण शहराच्या तटाच्या आत काय चालले होते तेही पाहायला हवे.

राजाकडून मिळवलेली सत्ता शहरातल्या मूठभर घरांत जाऊन बसली. गेन्टमध्ये १२२८ पासून एकोणचाळीस जणांचे मंडळ कारभार पाहू लागले. तेरा-तेरांच्या तीन तुकड्या आळीपाळीने पदावर बसत. म्हणजे पदे फिरत होती, पण त्याच घरांत. ही घरे जमीनदारांची आणि कापडाच्या बड्या व्यापाऱ्यांची. विणकर, कापड तुडवून घट्ट करणारे, रंगारी यांना त्यात जागा नव्हती. यांतले सगळ्यांत कष्टाचे काम तुडवणाऱ्यांचे. पाणी आणि माती घातलेल्या हौदात उभे राहून तासन्‌तास पायांनी कापड तुडवायचे.

दुए शहरात जेहान ब्वानब्रोक नावाचा कापडाचा व्यापारी होता. लोकर तोच द्यायचा, कापड तोच घ्यायचा, कामगार राहायचे ती घरे त्याची, आणि शहराच्या पंचमंडळावरही तोच बसायचा. मग कामगाराने दाद मागायची कोणाकडे? तो १२८६ च्या सुमारास मेला. मरताना त्याला परलोकाची भीती वाटली असावी. आपण ज्यांचे नुकसान केले त्यांना भरपाई द्यावी अशी त्याची इच्छा होती. तेव्हा चाळीसहून अधिक लोक पुढे आले. त्यांच्या तक्रारींचे चर्मपत्र आजही उपलब्ध आहे, कित्येक हात लांब. त्यात बायका आहेत, विणकर आहेत, रंगारी आहेत. कोणाला ठरल्यापेक्षा कमी पैसे दिले, कोणाला वाईट लोकर चांगल्या भावाने गळ्यात मारली, कोणाचा माल कर्जापोटी उचलून नेला, आणि विचारायला गेले तर शिव्या देऊन हाकलले. मालक जिवंत होता तोवर यांतला एकही कागदावर आला नव्हता. आमच्या मते मध्ययुगाच्या इतिहासात राजांच्या सनदांइतकेच मोल या एका कागदाला आहे.

१२८० मध्ये फ्लँडर्सच्या अनेक शहरांत दंगे उसळले, ते याच रागातून. श्रीमंतांनी मग आपल्या बचावासाठी फ्रान्सच्या राजाचा आश्रय घेतला. त्याच्या निशाणावर कमळासारखे लिलीचे फूल, म्हणून यांना ‘लिलीवाले’ म्हणत. काउंट दुबळा झाला होता. त्याने उलट बाजूने कारागिरांना जवळ केले. १३०० साली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने फ्लँडर्स ताब्यात घेऊन आपला सुभेदार बसवला. ब्रूजमध्ये पीटर द कोनिंक नावाचा विणकर लोकांना चेतवू लागला. तत्कालीन नोंदींप्रमाणे हा माणूस ठेंगणा, एका डोळ्याने अधू, वयाने साठीला टेकलेला, पण बोलण्यात असा की विणकर त्याच्या शब्दावर जीव टाकत. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रूजच्या लोकांनी शहरातील फ्रेंच शिपायांची कत्तल केली. ती घटना भयंकर होती, तिचे समर्थन आम्ही करणार नाही.

मग ११ जुलै १३०२ ला कोर्त्रिक गावाबाहेर लढाई झाली. एकीकडे रोबेर द आर्त्वाच्या हाताखाली युरोपातले नामांकित घोडेस्वार सरदार. दुसरीकडे विणकर, तुडवणारे, खाटीक, पायी चालणारे, हातात लांब भाले आणि लोखंडी टोकाचे जाड सोटे. पण जागा त्यांनी अचूक निवडली होती. समोर ओढे आणि दलदल. घोडे ओढ्यांत अडखळले, रांगा मोडल्या आणि कारागिरांची फळी मात्र हलली नाही. कैदी घ्यायचे नाहीत, लुटीसाठी फळी सोडायची नाही असे ठरले होते. सरदाराला पकडून खंडणी घ्यायची हा त्या काळचा रिवाज. विणकरांना तो रिवाज मंजूर नव्हता. रोबेर मारला गेला, शेकडो सरदार पडले. मेलेल्या सरदारांच्या टाचांचे सोन्याचे काटे गोळा करून कोर्त्रिकच्या चर्चमध्ये टांगले. म्हणून या लढाईला ‘सोनेरी काट्यांची लढाई’ म्हणतात. द कोनिंकला लढाईपूर्वी ‘नाइट’ केले होते. जन्माने विणकर असलेला माणूस सरदारांच्या पंक्तीत बसला.

विजय टिकला नाही असे नाही, पण अर्धाच टिकला. १३०५ च्या तहाने फ्लँडर्सवर जबर दंड बसला, पुढे लील आणि दुए फ्रान्सकडे गेले. तरी शहरांच्या कारभारात आता कारागिरांच्या श्रेणी शिरल्या. (श्रेणी हा आपल्या लेण्यांच्या शिलालेखांतील शब्द. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा नाशिकचा लेख अनेकांना माहीत असेल.)

श्रेणींच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केले? गेन्टच्या विणकरांनी आसपासच्या खेड्यांत कापड विणायला बंदी आणली, आणि टोळ्या करून जाऊन खेड्यांतले माग मोडले. कालपर्यंत ज्यांना पंचमंडळात जागा नव्हती त्यांनीच दुसऱ्याच्या हातचे काम काढून घेतले. १३३६ मध्ये इंग्लंडचा तिसरा एडवर्ड याने लोकरीची निर्यात रोखली. गेन्टचे माग बंद पडले, उपासमार सुरू झाली. तेव्हा याकोब व्हान आर्तेवेल्डे या व्यापाऱ्याने १३३८ मध्ये शहराची सूत्रे हाती घेऊन इंग्लंडशी जुळवून घेतले आणि लोकर पुन्हा आणली. १३४० मध्ये एडवर्डने आपण फ्रान्सचा राजा असल्याची घोषणा केली ती गेन्टच्या शुक्रवारच्या बाजारात. पण त्याच बाजारात २ मे १३४५ रोजी विणकर आणि तुडवणारे मजुरीच्या वादावरून एकमेकांवर शस्त्रे घेऊन तुटून पडले. तुडवणाऱ्यांना दिवसाची थोडी मजुरी वाढवून हवी होती, ती द्यायची होती विणकरांना. तुडवणाऱ्यांची मोठी कत्तल झाली. गेन्टमध्ये त्या दिवसाला ‘वाईट सोमवार’ असे नाव पडले. त्याच वर्षी जुलैत आर्तेवेल्डेलाही जमावाने मारले. कोर्त्रिकला खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्यांच्या नातवंडांची ही कथा आहे, आणि ती सांगताना आम्हाला कोर्त्रिकपेक्षा हा बाजार अधिक आठवतो.

१३८२ मध्ये आर्तेवेल्डेचा मुलगा फिलिप फ्रेंच सैन्याशी लढताना पडला. फ्रेंचांनी कोर्त्रिक जाळले आणि ते सोनेरी काटे परत नेले. १३८४ मध्ये लग्नसंबंधाच्या वारशाने फ्लँडर्स बर्गंडीच्या ड्यूककडे गेले. आता सत्तेची चाल बदलली. ड्यूक फिलिपने १३८६ मध्ये लील येथे हिशेब-कचेरी उघडली. पगारी अधिकारी आले, कायद्याचे पंडित आले, वर्षाच्या वर्षाला जमाखर्च तपासला जाऊ लागला. शहरे भडकून उठायची आणि शमायची, कचेरी मात्र रोज उघडायची. शिवाय शहरांचे आपसात जमेना. गेन्ट उठले की ब्रूज गप्प, ब्रूज उठले की गेन्ट गप्प, आणि ज्यांचे माग मोडले ती खेडी तर कोणाच्याच मदतीला येईनात. १४५३ मध्ये मिठावरील कराच्या तंट्यातून पेटलेल्या युद्धात गाव्हेर येथे गेन्टचा पराभव झाला. त्यांच्या तळावर दारूगोळ्याचा भडका उडाला आणि सैन्य घाबरून पळाले. शहरातील प्रमुखांना अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर ड्यूकपुढे गुडघे टेकावे लागले. १४७७ मध्ये ड्यूक चार्ल्स लढाईत मेला तेव्हा त्याच्या मुलीकडून, मेरीकडून, शहरांनी पुन्हा मोठी सनद लिहून घेतली. ११२७ चाच डाव, गादी डळमळली की हक्क मागायचे. पण गादी स्थिर झाल्यावर तिने ते परत काढून घेतले.

शेवटचा प्रसंग १५४० चा. सम्राट पाचवा चार्ल्स गेन्टमध्येच १५०० साली जन्मलेला. त्याने युद्धासाठी पैसा मागितला. गेन्टने जुनी सनद दाखवून नकार दिला. आमच्या संमतीशिवाय कर नाही, हवे तर माणसे देतो. १५३९ मध्ये शहर उठले. चार्ल्स स्वतः सैन्य घेऊन आला. त्याने शहराचे सगळे हक्क रद्द केले, जुना मठ पाडून तिथे किल्ला बांधायला घेतला आणि धोक्याच्या वेळी लोकांना बोलावणारी मनोऱ्यातली ‘रोलांड’ ही घंटा काढून घेण्याची शिक्षा दिली. मे महिन्यात शहरातील प्रमुखांना काळ्या वस्त्रांत, अनवाणी चालवले. त्यांच्यामागून बंडातली माणसे पांढऱ्या सदऱ्यांत, गळ्यात फासाचा दोर घालून, सम्राटाची क्षमा मागायला.

गेन्टच्या लोकांना तेव्हापासून ‘फासवाले’ म्हणतात. ते नाव त्यांनी लपवले नाही. आजही जुलैच्या उत्सवात काही माणसे पांढरे सदरे घालून, गळ्यात तोच दोर अडकवून, गावातून ताठ मानेने चालतात.

 विद्यार्थी मित्रांना काही विचारायचे असेल तर आम्ही इथेच बसलो आहोत.